पंच निवडावेत कसे?

गावातील तंटे मिटविण्यासाठी जी समिती नेमावयाची, तिच्या निवडीवरूनच गावात तंटा उभा राहावा, यापरता दैवदुर्विलास तो कोणता? परंतु स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभा आटोपल्यानंतर वृत्तपत्रांची जिल्हा पाने चाळणाऱ्यास दोन प्रकारच्या बातम्या हमखास आढळतात. एका प्रकारात तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदी अमुक यांची ‘बिनविरोध’ निवड झालेली असते व सोबत हारतुऱ्यांचे छायाचित्र असते. दुसऱ्या प्रकारात त्याच पदावरून ग्रामसभेत गोंधळ माजून सभा तहकूब झालेली असते. वरवर पाहता या दोन बातम्या एकमेकींच्या उलट वाटतात. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे. पंचाचे काम हे कष्टाचे काम न मानता मिरविण्याचा मान मानण्याची जी सवय आपल्या गावांना जडली आहे, तिचीच ही दोन फळे होत.

‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ महाराष्ट्र शासनाच्या गृहखात्याने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली. त्या वेळी कै. आर. आर. पाटील हे गृहमंत्री होते. गावातील दिवाणी, महसुली आणि कायद्याने तडजोडीस पात्र ठरविलेले फौजदारी तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, नवे तंटे उद्भवू नयेत आणि जे गाव यात यश मिळवील त्यास लोकसंख्येच्या प्रमाणात रोख पुरस्कार मिळावा, अशी ही योजना होती. समितीचे सभासद स्वेच्छेने काम करणारे. त्यांच्या हाती पोलिसाचा दंडा नाही की न्यायाधीशाची लेखणी नाही. दोन्ही पक्षांनी मानले तरच त्यांच्या शब्दाला किंमत. आरंभीच्या वर्षांतील उत्साह आता पुष्कळसा ओसरला असला, तरी समित्या गावोगाव नेमल्या जातातच आणि लोक आपली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडे जातातही. तेव्हा समिती असावी की नसावी, हा वाद आता निरर्थक आहे. तिच्यात कोणी बसावे आणि ते कोणत्या रीतीने ठरावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचा म्हणावा तसा विचार झालेला नाही.

भातसेच्या काठचे तंटे

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की भातसेच्या काठी सापगाव लागते. या गावापुरतेच नव्हे, तर शहापूर-मुरबाडच्या सबंध टापूपुरते पाहिले, तरी तंट्यांचे स्वरूप कसे पालटत आहे हे ध्यानात येते. भातसा आणि तानसा या जलाशयांचे पाणी मुंबईची तहान भागविते, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसावे लागते. साहजिकच विहिरीवरचा पाळीचा तंटा येथे नवा नाही. बांध कोरल्याचा, वहिवाटीची वाट अडविल्याचा, गुरे शेतात शिरल्याचा तंटाही जुनाच. परंतु गेल्या काही वर्षांत त्यात एक वेगळी भर पडली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच गेला आहे. महामार्ग आला, त्याचा मोबदला आला, आणि मुंबई-ठाण्याच्या पैसेवाल्यांची नजर आजवर कोणी न विचारलेल्या वरकस जमिनींकडेही वळली. जमिनीला भाव आला की बांधालाही भाव येतो, आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला तर येतोच येतो.

एक सर्वसाधारण उदाहरण घेऊ. वडील वारले. दोन भाऊ शेती कसतात, बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आहे. जमिनीचा सौदा ठरू लागतो आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी असा आग्रह सुरू होतो. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. महाराष्ट्राने तर त्या दिशेचे पाऊल १९९४ सालीच टाकले होते. ही बहीण समितीपुढे येते तेव्हा तिला काय दिसते? अध्यक्षस्थानी तिच्या भावाचा पक्षबंधू, शेजारी जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करणारा कोणी तरी, आणि कोपऱ्यात केवळ संख्यापूर्तीसाठी बसविलेल्या दोन स्त्रिया. कायद्याने तिच्या बाजूने जे सांगितले आहे, ते या बैठकीत उच्चारलेसुद्धा जात नाही. ‘माहेर तोडू नकोस बाई’, एवढाच उपदेश तिला मिळतो. ती सही करते, तंटा ‘मिटतो’ आणि मिटलेल्या तंट्यांच्या नोंदवहीत एका आकड्याची भर पडते. पाड्यावरच्या कातकरी कुटुंबाचा जमिनीच्या ताब्याचा तंटा असेल तर याहून निराळे घडेल, असे मानण्यास आधार नाही. ज्याच्या वीटभट्टीवर वा शेतावर आपण उचल घेऊन राबतो, तोच समोर पंच म्हणून बसला असेल, तर त्याच्यापुढे तोंड उघडणार कोण?

अशा तडजोडीला शांतता म्हणता येत नाही. ती दुर्बळाची माघार आहे. म्हणूनच पंचांच्या निवडीचा प्रश्न औपचारिक नाही. कोणाचे गाऱ्हाणे ऐकले जावयाचे आणि कोणाचे गिळले जावयाचे, हे त्या निवडीच्या दिवशीच निम्मेअधिक ठरून जाते.

जुनी पंचायत आणि तिचा धडा

पंचायतीचा विषय निघाला की आपल्याकडे पूर्वजांच्या गौरवाचा पूर येतो. त्या गौरवात तथ्य नाही असे नाही. मराठेशाहीत वतनाचे आणि शिवेचे वाद गोतसभेपुढे चालत. निर्णयाचा महजर तयार होई आणि त्यावर पाटील नांगराची, तर बलुतेदार आपापल्या अवजाराची निशाणी करीत. शिवेच्या वादात महाराचा शब्द मोलाचा मानला जाई, कारण शीव पायांनी तुडविलेली त्याचीच असे. परंतु ज्याची साक्ष एवढी मोलाची, त्याला बसण्याची जागा मात्र बरोबरीची नव्हती, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने दख्खनच्या कारभाराचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीच्या कामकाजाचे तपशीलवार वर्णन आहे. पंच नेमताना बहुधा वादी-प्रतिवादींची संमती घेतली जाई. कित्येकदा दोन्ही पक्ष सारख्या संख्येने आपापले पंच देत आणि सरकारी अंमलदार वरचा एक पंच नेमी. निर्णय मान्य करू, असा राजीनामा पक्षकारांकडून आधी लिहून घेतला जाई. पंचायतीचे दोषही त्याने लपविलेले नाहीत. काम रेंगाळे आणि पंच बैठकीला येत नसत. तरीही मूळ तत्त्व स्पष्ट होते. ज्याच्या भाग्याचा निवाडा व्हावयाचा, त्याला पंच कोण असावा याविषयी बोलण्याचा अधिकार होता. आजच्या आपल्या समित्यांनी पंचायतीचे नाव उचलले आणि नेमके हे तत्त्व वगळले.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतींची तरतूद झाली होती. गटबाजीने पोखरलेल्या त्या संस्था रुजू शकल्या नाहीत आणि सत्तरीच्या दशकात त्या गुंडाळाव्या लागल्या. म्हणजे हा प्रयोग आपण एकदा करून, अपयश पदरी घेऊन बसलेलो आहोत. त्या अपयशातून काहीच न शिकता तोच प्रयोग नव्या नावाने चालविण्यात शहाणपण नाही.

गांधी आणि आंबेडकर

या मोहिमेला गांधीजींचे नाव दिलेले आहे. ते योग्यच आहे. असहकाराच्या आंदोलनात त्यांनी सरकारी न्यायालयांवर बहिष्कार घालून लवादामार्फत तंटे मिटविण्याचे आवाहन केले होते. त्याही आधी, दक्षिण आफ्रिकेतील आपल्या पहिल्याच मोठ्या दाव्यात, त्यांनी दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या दोघा व्यापारी आप्तांना लवादाकडे वळविले. निकाल आपल्या अशिलाच्या बाजूने लागल्यावर ते तेवढ्यावर थांबले नाहीत. हरलेला पक्ष धुळीस मिळू नये म्हणून रक्कम हप्त्यांनी घेण्यास त्यांनी जिंकलेल्याचे मन वळविले. तडजोडीची खरी परीक्षा हरलेल्याची अवस्था पाहून करावयाची असते, हे त्यांनी त्या वेळी ओळखले होते.

परंतु गांधीजींच्या नावाबरोबर आणखी एक नाव आपण स्मरणात ठेवले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयीच्या भाबड्या गौरवावर कडक टीका केली आणि संकुचितपणा व जातीयता यांचे माहेरघर म्हणून खेड्याकडे बोट दाखविले. त्यांच्या या इशाऱ्यात अतिशयोक्ती होती असे म्हणणाऱ्यांनी अलीकडचा अनुभव पाहावा. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीला २०१३ पासून मोहीम चालवावी लागली आणि सामाजिक बहिष्काराला बंदी करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. पंच एकत्र बसले की न्याय होतोच, हे गृहीत धरणे किती धोक्याचे आहे, ते यावरून दिसून येईल.

गांधीजींनी सामोपचारावर विश्वास ठेवला, आंबेडकरांनी सत्तेच्या विषमतेकडे लक्ष वेधले. तंटामुक्ती समितीला दोहोंची गरज आहे. सामोपचार हवा, परंतु तो सारख्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसांमधला हवा. ती सारखी पायरी निर्माण करण्याचे पहिले साधन म्हणजे पंचांची निवड.

होकार किती, याहून नकार किती

सरपंच निवडताना बहुमत पुरते. विरोधकांचे म्हणणे मांडावयास पंचायतीत त्यांचे सभासद असतात आणि पाच वर्षांनी पारडे फिरविताही येते. पंचाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यासमोर दोन्ही पक्ष एकाच वेळी बसतात आणि एकच निवाडा दोघांना घेऊन जावयाचा असतो. ज्याच्या मागे तीनशे माणसे आहेत, पण ज्याचा उरलेल्या दोनशेंना धाक वाटतो, तो कदाचित उत्तम सरपंच होईल. पंच होण्यास मात्र तो अपात्र आहे. उलट, ज्याच्या नावाचा जयजयकार कोणी करीत नाही, परंतु ज्याच्या पायरीवर कोणत्याही वस्तीतील माणूस निःशंकपणे बसू शकतो, तो या कामाचा. म्हणून पंच निवडताना होकार किती मिळाले याहून नकार किती मिळाले, हे अधिक काळजीपूर्वक मोजावयास हवे.

‘बिनविरोध’ निवडीत हे मोजलेच जात नाही. चार वजनदार माणसांनी आदल्या रात्री नाव ठरवावे, सभेत ते पुकारावे आणि ‘आहे का कोणाची हरकत?’ असे विचारावे. भर सभेत हात वर करून गावाशी वैर कोण घेईल? तेथील मौनाला संमती समजणे हीच मोठी आत्मवंचना आहे.

हा विचार केवळ कल्पनेतला नाही. तरुण वाचकांना विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश परिचित आहेच. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेल्या त्याच्या इंग्रजी आवृत्तीत लेखकांमधील विकोपाला गेलेले वाद सोडविण्यासाठी २००४ सालापासून एक लवाद समिती आहे. तिचे सभासदही विनामूल्य काम करतात. त्यांची निवड होण्यापूर्वी प्रत्येक इच्छुकाला कोणीही सभासद उघडपणे प्रश्न विचारू शकतो. मतदान गुप्त असते, आणि प्रत्येक नावापुढे होकार, नकार वा तटस्थ असे मत स्वतंत्रपणे देता येते. होकार आणि नकार यांच्या बेरजेत होकार किमान निम्मे भरले नाहीत, तर जागा रिकामी राहिली तरी चालते, पण त्या माणसाला बसविले जात नाही. ज्याचा वादाशी संबंध आहे, त्या सभासदाने त्या प्रकरणातून दूर राहावे, असा दंडक आहे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी जे जपले, ते पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या ओट्यावर बसणाऱ्या आपल्या गावांना अशक्य का असावे?

काय करता येईल

यासाठी शासनाच्या नव्या आदेशाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. ग्रामसभेने मनावर घेतले तर पुढील गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, इच्छुकांची नावे ग्रामसभेच्या किमान पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत आणि ती पाड्यापाड्यांवर वाचून दाखविली जावीत. ज्याचा स्वतःचा तंटा चालू आहे, ज्याने गायरान वा वाट अडविली आहे, जो जमिनीच्या दलालीवर जगतो किंवा राजकीय पक्षाचा पदाधिकारी आहे, त्याला सभेत तसे प्रश्न विचारले जावेत. सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर न राहता या नावांची पहिली चर्चा त्याच सभेत व्हावी.

दुसरी गोष्ट, हात वर करण्याऐवजी चिठ्ठ्या घ्याव्यात आणि प्रत्येक नावापुढे होकार वा नकार नोंदवावा. गावच्या मतांत पुढे असलेले नावही एखाद्या पाड्याने जवळजवळ एकमताने नाकारले असेल, तर ते गळावे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि मुरबाडचीही काही गावे त्यात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना तंटे सोडविण्याच्या आपल्या पारंपरिक रीती जपण्याचा अधिकार मान्य केला आहे. पाड्याचा नकार मोजणे हे त्या कायद्याच्या भावनेला धरूनच होईल.

तिसरी गोष्ट, समिती मोठी असली तरी प्रत्येक तंटा तिघांपुढेच चालावा. एक पंच एका पक्षाने समितीतून निवडावा, दुसरा दुसऱ्याने, आणि तिसरा दोघांच्या संमतीने. जुन्या पंचायतीची रीत हीच होती, आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाचीच कल्पना मांडलेली आहे. नातेसंबंध वा देण्याघेण्याचा व्यवहार असेल त्या पंचाने स्वतःहून उठावे.

चौथी गोष्ट, तडजोडीचा कागद सोप्या मराठीत लिहिला जावा, दोन्ही पक्षांना वाचून दाखवावा आणि सही वा अंगठा त्याच बैठकीत न घेता आठवड्यानंतर घ्यावा. घरी जाऊन विचार करण्याची सवड मिळाल्यावरही जो कागद टिकतो, तीच खरी तडजोड. आणि स्त्रीवरील अत्याचार, बालकांवरील गुन्हे, दलित-आदिवासींवरील अत्याचार यांसारख्या ज्या बाबी कायद्याने तडजोडीबाहेर ठेवल्या आहेत, त्यांना समितीने हातही लावू नये. तेथे तक्रारदाराला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करणे, एवढेच पंचांचे कर्तव्य.

आक्षेपांचा विचार

यावर दोन आक्षेप येतील. चिठ्ठ्यांनी गट पडतील, असे कोणी म्हणेल. परंतु येथे एकाविरुद्ध दुसरा अशी लढत नाही. प्रत्येक नावाची परीक्षा स्वतंत्र आहे. एकाला मिळालेला नकार दुसऱ्याचा विजय ठरत नाही. गट पडतात ते आदल्या रात्रीच्या बैठकीत, चिठ्ठ्यांच्या डब्यात नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वजन नसलेल्या पंचाचे ऐकणार कोण? तडजोड मोडली तर ती पाळावयास लावणार कोण? गावचा अनुभव असा की, ‘मोठ्या माणसाने’ डोळे वटारले की तंटा एका दिवसात मिटतो. हे खरे आहे. पण त्या डोळ्यांचा धाक जोवर आहे तोवरच तो मिटलेला राहतो. मोठा माणूस म्हातारा झाला, त्याचा पक्ष सत्तेवरून गेला, की तोच तंटा दुप्पट वैराने शहापूरच्या वा ठाण्याच्या न्यायालयात उभा राहतो, आणि मधल्या वर्षांत कागदपत्रे व साक्षीदार दोन्ही हरवलेले असतात. धाकाने मिळालेला वेळ उसना असतो. ज्याच्या निःपक्षपातीपणाविषयी दोन्ही पक्षांची खात्री आहे, अशा माणसाच्या शब्दाने मिळणारी शांतता सावकाश येते, पण ती टिकते.

पुरस्काराच्या मोहाविषयीही येथे बोलणे प्राप्त आहे. मिटविलेल्या तंट्यांच्या संख्येवर गावाची प्रतिष्ठा मोजली जाऊ लागली, की पंचांची दृष्टी माणसावरून आकड्यावर जाते. किती तंटे मिटले याबरोबरच किती पक्षकार वर्षानंतरही त्या निर्णयावर समाधानी आहेत, हे ग्रामसभेने विचारले पाहिजे.

सुशिक्षितांचे काम

शेवटी एक गोष्ट या लेखाच्या वाचकांना उद्देशून. आसनगावला सकाळची गाडी पकडून कल्याण, ठाणे, मुंबई गाठणारे कारकून, तालुक्याच्या शाळांतून शिकविणारे शिक्षक आणि महाविद्यालयांत जाणारे विद्यार्थी यांना ग्रामसभेचे वावडे असते. तेथे राजकारण चालते, आपल्यासारख्यांचे तेथे काय काम, असे ते म्हणतात. परंतु ज्या जागा ते रिकाम्या सोडतात, त्या रिकाम्या राहत नाहीत. हक्कसोडपत्राचा अर्थ त्या बहिणीला समजावून सांगणे, इच्छुकांची यादी पाड्यावर वाचून दाखविणे, चिठ्ठ्या मोजणे, तडजोडीचा मसुदा तिला आणि तिच्या भावांना सारखाच समजेल अशा भाषेत लिहिणे, ही कामे सुशिक्षितांनी करावयाची नाहीत तर कोणी?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभांचे ठरलेले दिवस आहेत. यांपैकी जो दिवस पुढे येईल, त्या दिवशी ध्वजवंदन आटोपून घरी परतण्याऐवजी सभेला जाऊन बसावे, आणि समितीसाठी नाव पुकारले गेले की एकच प्रश्न विचारावा : या माणसापुढे गावातील सर्वांत गरीब घराला मोकळेपणाने बोलता येईल काय? उत्तर होकारार्थी नसेल, तर ते नाव कितीही मोठे असो, ते दुसऱ्या कोणत्या तरी पदासाठी राखून ठेवावे.